धारेचा हिशेब

लेथवर काम करून देणाऱ्या कोणत्याही गाळ्यात टूलचा विषय निघाला की पहिला प्रश्न भावाचा असतो. एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) बिट केवढ्याला, टिप टूल केवढ्याला, इन्सर्टचं पाकीट केवढ्याला. अंधेरीचं मरोळ असो, साकीनाका-असल्फ्याच्या गल्ल्या असोत, घाटकोपर-भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटी असोत किंवा कांदिवली-बोरिवलीकडचे गाळे, सगळीकडे हा प्रश्न असाच विचारला जातो. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. टूल ही वापरून संपणारी वस्तू आहे आणि संपता संपता ती मशीनचा वेळ खर्च करते किंवा वाचवते. म्हणून एका टूलची तुलना दुसऱ्या टूलच्या किमतीशी करण्याऐवजी एका जॉबमागे एकूण किती पैसे गेले, हे पाहायला हवं. इथवर कोणीही मान हलवेल. वाद पुढे आहे. एका जॉबमागचा हिशेब मांडला की महाग टूलच स्वस्त पडतं, असं विक्रेते सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कोणतं टूल परवडेल हे टूलपेक्षा त्याच्या मागे उभी असलेली मशीन, त्या मशीनची मोटर आणि हातातल्या ऑर्डरीचा आकार ठरवतात. मुंबईच्या उपनगरातल्या गाळ्यांच्या बाबतीत हे जितकं लागू होतं तितकं मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत होत नाही.

त्याचं कारण या भागाच्या घडणीत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याच्याच मरोळच्या क्षेत्रात १९७३ साली सीप्झ हे निर्यातीसाठीचं क्षेत्र आलं. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूने विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स, मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडास, अलीकडे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, पश्चिमेला कांदिवलीत महिंद्र अशा कारखान्यांची रांग होती. त्यांना लागणारे बुश, पिना, शाफ्ट, स्पेसर, फ्लँज आजूबाजूच्या गाळ्यांत वळवले जात. त्यातले बरेच कारखाने बंद झाले किंवा हलले, जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, पुष्कळ जॉबवर्क वसई, पालघर, भिवंडीकडे गेलं. जे गाळे अजून टिकून आहेत त्यांच्याकडे सर्वांत दुर्मीळ असते ती जागा. दुसरी मशीन घ्यायला कर्ज मिळू शकतं, ती ठेवायला फरशी मिळत नाही. वाढीव वीजभारासाठी अर्ज करावा लागतो, वरच्या मजल्यावर असाल तर मशीनच्या वजनाचा प्रश्न येतो. अशा ठिकाणी मशीनचं प्रत्येक मिनिट म्हणजे भाड्याने घेतलेली फरशीच आहे. जे टूल ते मिनिट मोकळं करून देतं ते दुसऱ्या मशीनचं थोडंसं काम करतं. माझा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे, आणि त्याची मर्यादाही त्याच गोष्टीत आहे.

मुळातलं गणित जुनं आहे. अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलर याने २६ वर्षं चालवलेले धातू कापण्याचे प्रयोग १९०६ च्या अखेरीस तिथल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. वेग वाढवला की धारेचं आयुष्य सरळ प्रमाणात घटत नाही, घातांकाने घटतं, हा त्याचा गाभा. कार्बाइडसाठी हा घातांक साधारण पाव धरतात. म्हणजे कटिंग स्पीड वीस टक्क्यांनी वाढवला की धारेचं आयुष्य निम्म्यावर येतं आणि स्पीड दुप्पट केला की सोळाव्या हिश्शावर. एचएसएसचा घातांक आणखी लहान, त्यामुळे ते वेगाला फारच हळवं. टेलर आणि त्याचा सहकारी व्हाइट यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलादावर विशिष्ट उष्णताप्रक्रिया करून हाय स्पीड स्टील प्रत्यक्षात आणलं. त्यानंतरची मोठी झेप जर्मनीतली. ऑस्रामच्या श्रोटरने १९२३ साली टंग्स्टन कार्बाइड कोबाल्टमध्ये बांधण्याचं पेटंट घेतलं आणि क्रुपने ते विडिया या नावाने बाजारात आणलं. आपल्याकडे १९६० साली सँडविक पुण्याजवळ दापोडीला आली. १९६९ च्या सुमाराला कार्बाइडवर अगदी पातळ कठीण थर चढवलेले इन्सर्ट जगभर विकले जाऊ लागले. आज गाळ्यातल्या एकाच फळीवर या तिन्ही पिढ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात, आणि निवड त्यांच्यातूनच करायची असते.

एक साधा जॉब घेऊ. ईएन ८ चा ५० मिलिमीटर व्यासाचा बार, १५० मिलिमीटर लांबीवर दोन मिलिमीटर खोलीचा एकच कट. एचएसएस बिटने मिनिटाला ३० मीटर कटिंग स्पीड धरला तर स्पिंडल १९१ फेऱ्यांवर चालेल आणि फेरीमागे ०.२ मिलिमीटर फीडने कट संपायला जवळपास चार मिनिटं लागतील. ब्रेझ केलेल्या टिप टूलने ९० मीटरवर ५७३ फेऱ्या येतात, वेळ १.३ मिनिटं. कोटिंग असलेल्या इन्सर्टने २०० मीटर आणि ०.२५ फीड घेतला तर १२७३ फेऱ्या आणि अवघे २८ सेकंद. चार मिनिटं विरुद्ध अर्धं मिनिट हा फरक पाहून कोणीही इन्सर्टकडेच वळेल. विक्रेत्याचं म्हणणं इथे संपतं आणि मशीनचं सुरू होतं.

कापायला ताकद लागते. मध्यम कार्बन पोलादासाठी प्रत्येक चौरस मिलिमीटर चिपमागे सुमारे २१०० न्यूटन बल धरलं, तर वरच्या तीन कटांना अनुक्रमे ०.४, १.३ आणि ३.५ किलोवॉट लागतात. जुन्या ऑल गिअर्ड लेथला तीन हॉर्सपॉवरची मोटर असली तर ती म्हणजे सव्वादोन किलोवॉट, आणि पट्टा-गिअरमधली तूट वजा जाता स्पिंडलपाशी पावणेदोनच्या आत. साडेतीन किलोवॉट मागणारा कट तिथे लागणारच नाही. पट्टा घसरेल, मोटर गुरगुरेल, टर्नर कट अर्ध्यावर आणेल आणि ‘इन्सर्टमध्ये काही दम नाही’ असा शेरा बसेल. पाच हॉर्सपॉवरलाही तो पुरता पेलत नाही. शिवाय हेडस्टॉकची बेअरिंग सैल असतील, क्रॉस स्लाइडला प्ले असेल तर कठीण पण ठिसूळ ग्रेडचा इन्सर्ट आयुष्य संपायच्या आतच टवका उडून जातो. म्हणजे वेगासाठी बनवलेला, महागातला पी १० किंवा पी १५ वर्गाचा इन्सर्ट जुन्या लेथवर लावणं हा शुद्ध तोटा आहे. त्याची किंमत ज्या वेगात वसूल व्हायची तो वेग त्या मशीनमध्ये नाही.

पण यावरून ‘जुन्या लेथला टिप टूलच बरं’ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. त्याच तीन हॉर्सपॉवरवर, ०.२ फीडने, चिवट अशा पी २५ ते पी ३५ वर्गाच्या इन्सर्टला १२० मीटरपर्यंत नेता येतं. कट १.३ ऐवजी एका मिनिटात होतो, म्हणजे वाचले वीस सेकंद. दुसरे वीस सेकंद लपलेले असतात. टिप टूलची धार तीसेक जॉबनंतर बसली आणि ग्रीन व्हीलवर घासून, पुन्हा सेंटरला लावून, माप घेऊन सुरू करायला दहा मिनिटं गेली असं धरा. दर जॉबमागे हे वीस सेकंद येतात, आणि ते कोणाच्याही वहीत लिहिलेले नसतात, कारण ग्राइंडरपाशी उभा असलेला माणूस कामातच असतो. पाचशे जॉबच्या ऑर्डरीत या दोन्हींची बेरीज साडेपाच तासांच्या घरात जाते. वीस जॉबच्या ऑर्डरीत तीच बेरीज तेरा मिनिटं होते. इन्सर्ट बसवायचा होल्डर हाताशी नसेल आणि तो आणायला नागदेवी स्ट्रीट गाठावी लागणार असेल तर तेरा मिनिटांसाठी कोणी लोकल पकडू नये. मशीन एकच, टर्नर एकच, इन्सर्टही एकच, तरी ऑर्डरीचा आकार बदलला की उत्तर उलटतं.

सीएनसी टर्निंग सेंटरवर ताकद आणि कडकपणा दोन्ही असतात, तेव्हा तिथला प्रश्न निराळा. सीएनएमजी १२०४०८ हा सर्वांत चालणारा इन्सर्ट घेऊ. ऐंशी अंशांचा समभुज आकार, वरच्या-खालच्या दोन्ही बाजूंना मिळून वापरायच्या चार धारा, नोजची त्रिज्या ०.८ मिलिमीटर. समजा इन्सर्ट ३०० रुपयांना पडला, म्हणजे एक धार ७५ रुपये. मशीन, माणूस, वीज, भाडं धरून मिनिटाला १० रुपये. धार २५ मिनिटं टिकते असं धरलं तर वरच्या २८ सेकंदांच्या कटाचे सुमारे ५३ जॉब एका धारेत निघतात. दर जॉबमागे धारेचे १ रुपया ४१ पैसे, धार फिरवण्यात गेलेल्या मिनिटाचे १९ पैसे, कापण्याचे ४ रुपये ७० पैसे. आणि चकमध्ये जॉब चढवण्या-उतरवण्याला दीड मिनिट लागत असेल तर त्याचे १५ रुपये. टूलची सगळी चर्चा या पंधरा रुपयांपुढे बारीक होते. चांगले सॉफ्ट जॉ, चकमधला स्टॉपर, हाताशी रचून ठेवलेले ब्लँक यांवर खर्च केलेला पैसा बहुतेक गाळ्यांत महागड्या इन्सर्टपेक्षा लवकर वसूल होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

टूल कंपन्यांचं एक आवडतं विधान आहे. घटकाच्या खर्चात टूलचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून टूलचा भाव पाडून घेण्यात अर्थ नाही, उलट वेग वीस टक्क्यांनी वाढवा, खर्च पंधरा टक्क्यांनी उतरेल. मोठ्या, आपोआप लोड होणाऱ्या लाइनवर हे पटण्यासारखं आहे. आपल्या उदाहरणात घालून पाहा. वेग वीस टक्के वाढला की कट २३-२४ सेकंदांवर आला, कापण्याचे ७८ पैसे वाचले. पण धारेचं आयुष्य निम्मं झालं, त्यामुळे धार आणि ती फिरवणं यांचा खर्च १ रुपया ६० पैशांवरून पावणेतीन रुपयांवर गेला. जॉब ३७ पैशांनी महाग पडला. कारण २५ मिनिटं हे या दरांना जवळजवळ योग्य आयुष्य आहे, वेग त्यापलीकडे ढकलण्यात काही मिळत नाही. मशीनचं मिनिट २० रुपयांचं असतं तर हेच योग्य आयुष्य १४ मिनिटांवर आलं असतं. मशीन जितकी महाग तितकी धार लवकर संपवावी, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्या गाळ्यात एक धार अख्खी पाळी चालते तिथे बहुधा मशीन गरजेपेक्षा मंद चालवली जात असते.

निम्म्या भावाच्या इन्सर्टला मी वाईट म्हणणार नाही. दीडशेचा इन्सर्ट महागाच्या दोन-तृतीयांश जॉब देत असेल तर दर जॉबमागे सुमारे २५ पैसे वाचतात, तो घ्यावा. निम्मेच देत असेल तर सुमारे २० पैसे जातात. गोम सरासरीत नसून चढउतारात आहे. एक धार पन्नास जॉब चालली, दुसरी अठराव्याला तुटली, तिसरी चाळीसला, असं होत असेल तर सेटर प्रत्येक वेळी भीतीपोटी पंधरा जॉबलाच धार फिरवतो आणि सरासरीचा फायदा हातात येतच नाही. तुटणारी धार दोनशे रुपयांचा जॉब घेऊन जाते, कधी खालची शिम आणि होल्डरची सीटही. पाचशे जॉबमध्ये असा एकच गेला तरी दर जॉबमागे ४० पैसे गेले. म्हणून स्वस्त-महाग यापेक्षा ‘प्रत्येक धार सारखी चालते का’ हे विचारायला हवं. ब्रँडच्या नावाचे नकली इन्सर्ट घातक ठरतात ते इथेच. भाव कमी असतो हे खरं, पण दोन पाकिटांत एकच माल असेल याची हमी कोणाकडे नसते.

सर्वांत सबळ आक्षेप असा की वाचलेल्या मिनिटाचं करायचं काय. हातात पुरेशा ऑर्डरी नसतील, मशीन दुपारनंतर थांबत असेल, तर वाचलेले चाळीस सेकंद कोणालाच विकता येत नाहीत. भाडं तेवढंच, पगार तेवढाच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचा अर्थही सरळ आहे. रिकाम्या मशीनच्या मिनिटाची किंमत दहा रुपये धरणं चूक आहे. मंदीच्या महिन्यांत वेग उतरवावा, धार जास्त चालवावी, टिप टूल घासत बसलं तरी बिघडत नाही. दिवाळीआधी पार्टी दारात उभी असेल तेव्हा मात्र त्याच मिनिटाची किंमत दहा रुपयांहूनही जास्त असते, कारण अडलेला प्रत्येक जॉब पुढची ऑर्डर घालवू शकतो. एकाच गाळ्याला वर्षभर एकच कटिंग स्पीड योग्य असू शकत नाही. तक्ता मशीनजवळ चिकटवून ठेवणं चांगलंच, पण त्यात दोन रकाने हवेत, एक गर्दीचा आणि एक सुस्तीचा.

दुसरा आक्षेप रोकडीचा. इन्सर्ट दहाच्या पाकिटात येतात, वर होल्डरचे पैसे वेगळे, आणि मालाचे पैसे पार्टीकडून दोन-तीन महिन्यांनी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कमाल ४५ दिवसांत पैसे मिळावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. त्या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी करातून वजा करता येत नाही, अशी आयकरातली तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तरीही छोट्या गाळ्याचा मालक मोठ्या पार्टीशी भांडायला कचरतो. म्हणून तो बाजारातून दोन-तीन सुटे इन्सर्ट आणतो. त्याची अडचण समजते, पण त्यात एक नुकसान आहे. ग्रेड, कटिंग स्पीडची मर्यादा, फीड आणि खोलीचे आकडे पाकिटाच्या लेबलवर असतात, सुट्या इन्सर्टबरोबर ते येत नाहीत. मग आठशे फेऱ्यांची सवय असलेला हात आठशेवरच चालवतो. निदान लेबलचा फोटो तरी मागून घ्यावा. आणि एकाच इस्टेटीतल्या चार गाळ्यांनी सीएनएमजी आणि डब्ल्यूएनएमजी अशा दोनच आकारांवर होल्डर ठरवून पाकीट वाटून घेतलं तर रोकडीची अडचण पुष्कळ हलकी होईल. डब्ल्यूएनएमजीला सहा धारा मिळतात, मात्र धार आखूड असल्याने फार खोल कट त्याला देऊ नये.

धातू बदलला की पुन्हा सगळं बदलतं. बिडाच्या कास्टिंगवर, वरची वाळूची कातडी काढताना, साधं के २० चं टिप टूल आजही मानाने उभं राहतं. पितळेच्या बुशला शून्य रेकचा एचएसएस बिट पुरतो. ओ-रिंगची खास मापाची खाच, वेगळाच रेडियस, पंचवीस नगांचा विचित्र फॉर्म असं काही आलं तर टर्नरने अर्ध्या तासात घासून दिलेला बिट ऑर्डर देऊन मागवलेल्या स्पेशल इन्सर्टला केव्हाही हरवेल. याच्या दुसऱ्या टोकाला कडक केलेला ईएन ३१ आहे. साठ रॉकवेलच्या शाफ्टवर सीबीएनची (क्यूबिक बोरॉन नायट्राइडची) एक धार साध्या इन्सर्टच्या कितीतरी पट पैसे घेते, पण बाहेर ग्राइंडिंगला पाठवणं, टेंपो, तिथली रांग हे सगळं वाचत असेल तर ती महाग नाही. ३०४ स्टेनलेसवर तर भावाचा प्रश्न पहिला नाहीच, चिप तुटते का हा पहिला. त्याची चिप तुटली नाही तर लांब रिबनसारखी सुटते, जॉबला गुंडाळते, फिनिशवर ओरखडे काढते आणि ती आकड्याने ओढायला गेलेला हेल्परचा हात धोक्यात येतो. भीतीने फीड कमी केला तर धार आधीच्या फेरीत कडक झालेल्या थरातच घासत राहते आणि आणखी लवकर जाते. योग्य चिपब्रेकरचा साधा इन्सर्ट पुरेशा फीडने चालवला तर तो चुकीच्या चिपब्रेकरच्या सर्वांत महाग ग्रेडला मागे टाकतो.

इन्सर्ट आले की टर्नरचं कसब संपलं, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यामागचं दुःख खरं आहे. ग्राइंडरवर अंदाजाने सहा अंशांचा क्लिअरन्स काढणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात. पण इन्सर्टची वापरलेली धार वाचायलाही तेवढीच नजर लागते, आणि ती नजर फार थोड्या गाळ्यांत जोपासली जाते. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घेऊन पाहिलं तर कडेवर चकचकीत घासलेली एक पट्टी दिसते. ती सारखी असेल आणि ०.३ मिलिमीटरपर्यंत आली असेल तर धारेने आपलं काम पुरं केलं. त्याऐवजी वरच्या पृष्ठावर खोलगट खड्डा पडला असेल तर वेग जास्त आहे. कटाच्या खोलीच्या रेषेवरच खाच पडली असेल तर वरची कातडी किंवा कडक थर नडतोय, पुढच्या वेळी खोली बदलून चालवावं. धारेवर धातूचा गोळा चिकटला असेल तर वेग कमी पडतोय. बारीक टवके उडाले असतील तर टूलचा ओव्हरहँग जास्त आहे किंवा मशीन सैल आहे, आणि तेव्हा महाग ग्रेड घेणं म्हणजे दुखणं सोडून भलत्यालाच औषध देणं. वापरलेल्या धारा पाहिल्याशिवाय भंगाराच्या डब्यात टाकणाऱ्या गाळ्याला पुढचं पाकीट कोणतं घ्यायचं हे कधीच कळणार नाही.

त्या डब्यालाही आता किंमत आली आहे. जगातल्या टंग्स्टनचं बहुतांश उत्पादन चीनमध्ये होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंग्स्टनच्या निर्यातीवर परवान्याचं नियंत्रण आणलं. आपल्याकडे राजस्थानात डेगाना इथे पूर्वी टंग्स्टनची खाण चालत होती, नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात साठे नोंदलेले आहेत, पण आज इन्सर्टसाठी लागणारा कच्चा माल मुख्यतः बाहेरूनच येतो. भाव वर गेला की वर मांडलेला हिशेब थोडा सरकतो. धार महाग झाली तर तिचं योग्य आयुष्य वाढतं, म्हणजे वेग थोडा उतरवावा लागतो. तीनशेचा इन्सर्ट साडेचारशेला गेला तर दहा रुपये मिनिटाच्या मशीनवर २५ मिनिटांची धार ३६-३७ मिनिटं चालवणं योग्य ठरतं, आणि त्यासाठी २०० मीटरचा वेग १८२ च्या आसपास आणला की पुरतं. भाव दीडपट झाला, वेग नऊ टक्क्यांनीच उतरला. घाबरून पुन्हा ग्रीन व्हीलकडे वळायचं कारण नाही. वापरलेले इन्सर्ट मात्र माइल्ड स्टीलच्या बुऱ्यात मिसळू देऊ नयेत. पोलादाच्या जवळपास दुप्पट घनतेचा हा माल वेगळ्या डब्यात ठेवला तर किलोवर वेगळ्या भावाने जातो, आणि त्यातलं टंग्स्टन पुन्हा नव्या इन्सर्टमध्ये येतं.